कार्यालयीन संगणकांची कामाच्या वेळेबाहेरील वीजबचत

कार्यालयीन संगणकांची कामाच्या वेळेबाहेरील वीजबचत म्हणजे कार्यालय बंद असताना, म्हणजे रात्री, साप्ताहिक सुटीच्या दिवशी आणि सार्वजनिक सुट्यांमध्ये, संगणक व त्यांना जोडलेल्या उपकरणांकडून होणारा अनावश्यक वीजवापर कमी करणे होय. ऊर्जा संवर्धनाच्या या उपायासाठी नवी यंत्रसामग्री सहसा खरेदी करावी लागत नाही. संगणकातील ऊर्जा व्यवस्थापनाच्या सोयी वापरात आणणे, उपकरणे विजेपासून वेगळी करणे आणि त्या कामाची जबाबदारी निश्चित करणे एवढ्यावर तो अवलंबून असतो. महाराष्ट्रात २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्याने कार्यालये सलग बंद राहण्याचा कालावधी वाढला व या विषयाचे महत्त्वही वाढले. मंत्रालयापासून उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावातील तहसील कार्यालयापर्यंत शासकीय कामकाज संगणकावर होत असल्याने हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

## कामाच्या वेळेबाहेरील तास

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १२ फेब्रुवारी २०२० रोजी शासकीय कार्यालयांसाठी पाच दिवसांच्या आठवड्याचा निर्णय घेतला आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून तो अमलात आला. कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. तीत दुपारच्या जेवणाची अर्ध्या तासाची सुटी धरलेली आहे. वीज, पाणी आणि वाहनांचे इंधन यांची बचत हे या निर्णयाच्या समर्थनार्थ मांडलेल्या कारणांपैकी एक होते. पूर्वी केवळ दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी असे. निर्णयाच्या वेळी मांडलेल्या हिशेबानुसार कामाचे दिवस वर्षाला २८८ वरून २६४ झाले, तर प्रत्यक्ष कामाचे तास २,०८८ वरून २,११२ झाले. रुग्णालये, पोलीस, अग्निशमन, पाणीपुरवठा, शाळा व महाविद्यालये अशा सेवा व संस्थांना पाच दिवसांचा आठवडा लागू करण्यात आला नाही.

या वेळापत्रकानुसार कार्यालय दररोज साडेआठ तास, म्हणजे २६४ दिवसांत २,२४४ तास उघडे असते. वर्षाचे एकूण तास ८,७६० असतात. म्हणजेच ६,५१६ तास, वर्षाचा सुमारे तीन चतुर्थांश काळ, कार्यालय बंद असते. संगणक सतत चालू राहिल्यास त्याच्या चालू काळापैकी बहुतांश काळ त्याच्यापुढे कोणीही बसलेले नसते.

सुटी नसलेल्या एका आठवड्याचा हिशेब केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२५.५ तास कार्यालय बंद असते. त्यांपैकी ६२ तास सोमवार ते गुरुवार या चार रात्रींचे, तर ६३.५ तास शुक्रवारी सायंकाळी ६.१५ पासून सोमवारी सकाळी ९.४५ पर्यंतच्या एकाच सलग कालावधीचे असतात. केवळ शुक्रवारी सायंकाळी सर्व संगणक बंद केले, तरी आठवड्यातील निम्म्याहून थोडे अधिक अनावश्यक तास वाचतात.

बँकांचे वेळापत्रक निराळे आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून त्यांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी असते. त्यामुळे प्रत्येक संस्थेने हा हिशेब स्वतःच्या वेळेनुसार करणे आवश्यक ठरते.

## संगणकाच्या अवस्था आणि वीजवापर

संगणक केवळ ‘चालू’ किंवा ‘बंद’ असतो असे नाही. या दोन टोकांच्या मध्ये अनेक अवस्था असून प्रत्येकीतील वीजवापर वेगळा असतो. खालील आकडे साधारण कल्पना देण्यासाठी आहेत; यंत्राची रचना व वय यांनुसार ते बदलतात.

| अवस्था | काय चालू राहते | एका डेस्कटॉप संगणकाचा साधारण वापर (पडदा वगळून) |
|---|---|---|
| चालू, पण काम नाही | सर्व भाग | ३० ते ६० वॅट. जुन्या यंत्रांत त्याहून अधिक |
| स्लीप (निद्रावस्था) | स्मृती व जागे करणारे परिपथ | १ ते ४ वॅट |
| हायबरनेट (सुप्तावस्था) | केवळ सुरू करणारे परिपथ | ०.५ ते २ वॅट |
| शटडाउन | केवळ सुरू करणारे परिपथ | ०.५ ते २ वॅट |
| भिंतीवरील बटण बंद | काहीही नाही | शून्य |

स्लीप अवस्थेत चालू कामाची सर्व स्थिती संगणकाच्या स्मृतीत राहते आणि काही सेकंदांत काम पुन्हा सुरू करता येते. मात्र वीजपुरवठा तुटल्यास ही स्थिती नष्ट होते. हायबरनेटमध्ये तीच स्थिती हार्ड डिस्कवर लिहून संगणक बंद होतो. त्यामुळे वीज गेली तरी काम सुरक्षित राहते, परंतु पुन्हा सुरू होण्यास अधिक वेळ लागतो. या दोहोंचा मेळ घालणारी ‘हायब्रिड स्लीप’ ही सोय डेस्कटॉप संगणकांत उपलब्ध असते. तीत स्थिती स्मृतीत आणि डिस्कवर अशा दोन्ही ठिकाणी ठेवली जाते. वारंवार वीज जाणाऱ्या भागांत ती अधिक उपयुक्त ठरते.

शटडाउन केल्यावरही संगणकात अल्प प्रवाह वाहत राहतो. कळ दाबताच यंत्र सुरू व्हावे यासाठी त्याचा वीजपुरवठा विभाग अंशतः जागा असतो. हा वापर पूर्ण थांबवण्यासाठी भिंतीवरील बटण बंद करावे लागते. भारतात बहुतेक सॉकेटला स्वतंत्र बटण असल्याने हे सोपे आहे. अमेरिकेसारख्या देशांत अनेकदा त्यासाठी प्लग काढावा लागतो.

### पडदा काळा, संगणक चालू

अंधारलेला पडदा पाहून संगणक बंद आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. पडदा आणि संगणक यांचे ऊर्जा व्यवस्थापन स्वतंत्र असते. पडदा काही मिनिटांत आपोआप निद्रावस्थेत जातो, पण संगणकाची स्लीप सोय बंद केलेली असेल तर तो पूर्ववत चालू राहतो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कामाची वेळ संपल्यानंतर कार्यालयांत जाऊन उपकरणांच्या स्थितीची प्रत्यक्ष नोंद घेतली होती. पडद्यांमध्ये ऊर्जा व्यवस्थापन बऱ्याच प्रमाणात काम करत असल्याचे, तर डेस्कटॉप संगणकांत ते क्वचितच काम करत असल्याचे त्यांना आढळले. बचतीचा मोठा भाग पडद्यात नसून टेबलाखालच्या पेटीत असतो.

## ऐतिहासिक आढावा

संगणकाच्या ऊर्जा व्यवस्थापनाचा प्रारंभ प्रामुख्याने बॅटरीवर चालणाऱ्या सुवाह्य संगणकांच्या गरजेतून झाला. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये ‘अॅडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट’ हे मानक मांडले. त्यात ऊर्जा व्यवस्थापनाचे नियंत्रण मुख्यतः यंत्राच्या मूळ प्रणालीकडे, म्हणजे बायोसकडे होते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे पुढचे मानक प्रसिद्ध केले. त्यामुळे हे नियंत्रण विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीकडे आले आणि संस्थेतील सर्व संगणकांचे ऊर्जा नियम एका ठिकाणाहून ठरवणे शक्य झाले.

धोरणाच्या पातळीवर १९९२ हेच वर्ष महत्त्वाचे ठरले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या वर्षी ‘एनर्जी स्टार’ ही ऐच्छिक चिन्हांकन योजना सुरू केली. संगणक आणि पडदे ही त्या योजनेतील पहिली उत्पादने होती. एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशान्वये अमेरिकी संघीय कार्यालयांना हे चिन्ह असलेलीच संगणक सामग्री खरेदी करण्यास सांगण्यात आले. सरकार हे संगणकांचे मोठे ग्राहक असल्याने उत्पादकांना त्याची दखल घ्यावी लागली. उपकरण बंद किंवा प्रतीक्षेत असताना होणारा वापर १ वॅटपर्यंत खाली आणण्याचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये मांडला. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमावलीने अशा वापरावर बंधनकारक मर्यादा घातल्या आणि २०१३ पासून त्या अधिक कडक केल्या.

दूरस्थ पद्धतीने संगणक जागा करण्याचे तंत्रही याच काळातले आहे. एएमडी या कंपनीने १९९५ मध्ये ‘मॅजिक पॅकेट’ची रचना प्रसिद्ध केली. यात एक विशिष्ट संदेश जाळ्यावरून पाठवला जातो आणि त्यात ज्या यंत्राचा जालपत्ता १६ वेळा लिहिलेला असतो ते यंत्र जागे होते. रात्री प्रणाली अद्ययावत करण्यासाठी संगणक चालूच ठेवावे लागतात, हा युक्तिवाद या तंत्रामुळे बऱ्याच अंशी निकालात निघाला.

## भारत आणि महाराष्ट्रातील धोरणात्मक चौकट

भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला व त्यानुसार १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना झाली. ब्यूरोने मे २००६ मध्ये उपकरणांना तारांकित चिन्ह देण्याची योजना सुरू केली. वातानुकूलन यंत्रे व शीतकपाटे यांच्याबाबत ही योजना सर्वसामान्यांच्या परिचयाची आहे. लॅपटॉप संगणक तसेच प्रिंटर व कॉपियर यांसारखी कार्यालयीन उपकरणे यांचा तीत ऐच्छिक गटात समावेश करण्यात आला.

महाराष्ट्रात या अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी पुणे येथे मुख्यालय असलेली महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे महाऊर्जा, ही नामनिर्देशित संस्था आहे. राज्य शासनाने २०१७ मध्ये राज्याचे ऊर्जा संवर्धन धोरण जाहीर केले. दरवर्षी १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो.

चिन्हांकन योजना उपकरणाची क्षमता सांगते. ते उपकरण रात्री बंद केले जाते की नाही हे त्यावरून कळत नाही. कार्यक्षम संगणक अहोरात्र चालू ठेवल्यास तो नियमितपणे बंद केल्या जाणाऱ्या जुन्या संगणकापेक्षा अधिक वीज वापरू शकतो. त्यामुळे खरेदीचे धोरण आणि वापराची शिस्त या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे हाताळाव्या लागतात.

## बचतीचा हिशेब

विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. काम नसताना ५० वॅट वापरणारा डेस्कटॉप संगणक वर्षातील ६,५१६ बंद तासांत चालू राहिल्यास सुमारे ३२६ युनिट वीज खर्च होते. तोच संगणक ३ वॅटच्या स्लीप अवस्थेत राहिल्यास सुमारे २० युनिट, १ वॅटच्या शटडाउन अवस्थेत राहिल्यास ६.५ युनिट आणि भिंतीवरील बटण बंद केल्यास शून्य युनिट खर्च होतात. यावरून असे दिसते की मोठी बचत ‘चालू’वरून ‘स्लीप’वर येण्यात आहे. स्लीप आणि पूर्ण बंद यांतील फरक तुलनेने लहान आहे.

असे २० संगणक असलेल्या कार्यालयात सर्व यंत्रे सतत चालू राहिल्यास बंद काळातील वापर ६,५१६ युनिट होतो. दर युनिटला १० रुपये खर्च गृहीत धरल्यास ही रक्कम वर्षाला ६५,१६० रुपये होते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या पाच कुटुंबांना वर्षभर पुरून उरेल इतकी ही वीज आहे. भारतीय विद्युतजालातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन धरल्यास सुमारे साडेचार टन उत्सर्जन टळते. हा कमाल अंदाज आहे. काही संगणक आधीच बंद केले जात असतील, तर बचत त्या प्रमाणात कमी होते.

महाराष्ट्रातील वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा मोठा आहे. विदर्भातील चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे; कोराडी व खापरखेडा ही औष्णिक केंद्रेही याच प्रदेशात आहेत. रात्री सौरऊर्जा उपलब्ध नसल्याने त्या वेळच्या पुरवठ्यात औष्णिक विजेचे प्रमाण वाढते. रिकाम्या कार्यालयातील संगणक मुख्यतः याच वेळी चालू राहतात.

### वेळेचा खर्च

संगणक बंद करण्यालाही किंमत असते. जुन्या संगणकास पूर्ण सुरू होण्यास दोन मिनिटे लागत असतील, तर २६४ दिवसांत एका कर्मचाऱ्याचे जवळपास नऊ तास त्यात जातात. संगणक चालू ठेवण्याकडे कल असण्याचे हे एक समजण्यासारखे कारण आहे. यावर सोमवार ते गुरुवार स्लीप किंवा हायबरनेट आणि शुक्रवारी पूर्ण शटडाउन असा मध्यममार्ग सुचवला जातो. सॉलिड स्टेट ड्राइव्ह असलेले संगणक काही सेकंदांतच सुरू होत असल्याने तेथे ही अडचण जवळजवळ उरत नाही.

## मोजमाप

कार्यालयाचा बंद काळातील वापर जाणून घेण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नसते. शुक्रवारी कार्यालय बंद करताना आणि सोमवारी उघडताना वीज मीटरचे वाचन नोंदवले, की दोन्हींतील फरकास ६३.५ तासांनी भागून बंद काळातील सरासरी भार मिळतो. उदाहरणार्थ, फरक ९५ युनिट आला तर सरासरी भार सुमारे १.५ किलोवॅट होता. मोठ्या जोडणीच्या मीटरबाबत वाचनातील फरकाला वीजबिलावर दिलेल्या गुणकाने गुणावे लागते.

इलेक्ट्रॉनिक मीटरवरील लुकलुकणाऱ्या लाल दिव्याचाही उपयोग होतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेले असते. ही संख्या ३,२०० असेल आणि एका मिनिटात दिवा १६ वेळा लुकलुकला, तर त्या क्षणीचा भार ०.३ किलोवॅट असतो. एकेक उपकरण बंद करून लुकलुकण्याचा वेग पुन्हा मोजल्यास कोणते उपकरण किती वीज घेते हे कळते.

बंद काळात जे चालू राहणे आवश्यक आहे त्याचा भार एकूण भारातून वजा केल्यावर उरणारा भाग म्हणजे बचतीची खरी शक्यता. वरील उदाहरणात आवश्यक उपकरणांचा भार ०.४ किलोवॅट असेल, तर १.१ किलोवॅट भार विनाकारण असतो. वर्षभराच्या ६,५१६ तासांत तो सुमारे ७,१६८ युनिट होतो.

## उपाय

### तांत्रिक उपाय

* ठरावीक मिनिटे काम न झाल्यास पडदा आणि संगणक दोन्ही आपोआप स्लीप अवस्थेत जातील अशी व्यवस्था करणे. विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत ही सोय मूळचीच असते.
* मोठ्या कार्यालयांत हे नियम मध्यवर्ती सर्व्हरवरून सर्व संगणकांना लागू करणे, जेणेकरून प्रत्येक यंत्रावर जाऊन बदल करावा लागणार नाही.
* ठरावीक वेळी, उदाहरणार्थ सायंकाळी ७.३० वाजता, संगणक बंद करण्याची आज्ञा नेमून ठेवणे. उशिरापर्यंत काम करणाऱ्यास ती रद्द करता यावी म्हणून आधी सूचना दाखवणे आवश्यक असते.
* सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वी संगणक आपोआप सुरू व्हावा यासाठी बायोसमधील वेळ नेमणे.
* प्रणाली अद्ययावत करण्याचे काम दुपारच्या सुटीत किंवा दूरस्थ पद्धतीने संगणक जागा करून उरकणे.
* नवीन खरेदीत शक्य तेथे कमी वीज घेणारे लहान डेस्कटॉप किंवा लॅपटॉप निवडणे.

### प्रशासकीय उपाय

वीज वापरणारा कर्मचारी आणि बिल भरणारी संस्था वेगळी असल्याने व्यक्तीला बचतीचा थेट लाभ होत नाही. त्यामुळे केवळ ‘संगणक बंद करा’ अशी सूचना भिंतीवर लावून परिणाम टिकत नाही. प्रत्येक संगणकाचा वापरकर्ता, प्रत्येक खोलीसाठी एक जबाबदार व्यक्ती आणि कार्यालयाला कुलूप लावणाऱ्या कर्मचाऱ्याकडे चालू ठेवावयाच्या उपकरणांची लेखी यादी अशी तीन स्तरांची व्यवस्था अधिक परिणामकारक ठरते. यादीत नसलेले सर्व काही बंद असले पाहिजे, असा नियम समजण्यास व तपासण्यास सोपा असतो. चालू ठेवावयाच्या उपकरणांच्या बटणांवर लाल आणि इतरांवर हिरवी पट्टी लावल्यास चूक होण्याची शक्यता कमी होते.

## चालू ठेवावी लागणारी उपकरणे

कार्यालयाचे मुख्य बटण बंद करणे हा या प्रश्नाचा योग्य मार्ग नाही. सीसीटीव्ही यंत्रणेचा नोंदक, अग्निसूचक यंत्रणा, सर्व्हर, काही ठिकाणी मोडेम व राउटर आणि आरोग्य संस्थांतील लस साठवणुकीची शीतकपाटे यांचा पुरवठा अखंड असावा लागतो. एटीएम यंत्रांनाही हेच लागू होते. ही उपकरणे शक्य तेथे स्वतंत्र परिपथावर घेतल्यास उर्वरित सॉकेट निर्धास्तपणे बंद करता येतात.

राउटर चालू ठेवण्याची गरज मात्र तपासून पाहावी लागते. रात्री त्याच्यावर अवलंबून असलेले कोणतेही उपकरण नसेल, तर तो चालू ठेवण्याचे कारण उरत नाही.

## तालुकास्तरीय कार्यालये : उमरखेडचे उदाहरण

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठिकाण असून पैनगंगा नदीच्या खोऱ्यात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेजवळ वसले आहे. अशा गावात तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगरपरिषद, बँकांच्या शाखा आणि महाविद्यालये असतात. सातबारा उतारा, फेरफार, विविध दाखले, कर आकारणी व शिष्यवृत्ती ही त्यांची कामे संगणकावर चालतात. मात्र संगणक व्यवस्थापनासाठी स्वतंत्र विभाग नसल्याने मोठ्या कंपन्यांतील मध्यवर्ती नियंत्रणाची पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. प्रत्येक यंत्रावर एकदा स्लीपची वेळ लावणे आणि शुक्रवारची तपासणी पाळणे हे अशा ठिकाणी अधिक व्यवहार्य आहे.

या भागात पुढील बाबी विशेष लक्षात घ्याव्या लागतात.

यूपीएस : वीजपुरवठ्यातील खंड व दाबातील चढउतार यांमुळे तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक संगणकांना स्वतंत्र यूपीएस जोडलेला असतो. संगणक बंद केल्यावरही यूपीएस स्वतःच्या परिपथांसाठी व बॅटरीसाठी काही वॅट वीज घेत राहतो. त्याच्या दर्शनी भागावरील कळ अनेक नमुन्यांत केवळ बाहेर जाणारा पुरवठा थांबवते. भिंतीवरील बटण बंद केल्यासच हा वापर थांबतो. एक रात्र किंवा शनिवार-रविवार बॅटरी चार्ज न झाल्याने सुस्थितीतील बॅटरीचे नुकसान होत नाही. अनेक आठवड्यांच्या सुटीत मात्र तिला अधूनमधून चार्ज करावे लागते.

वादळी पाऊस आणि वीज : उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या प्रारंभी विदर्भात विजांसह वादळी पाऊस होतो. वीजवाहिनीतून आलेल्या अतिदाबाने संगणक व मोडेम निकामी होऊ शकतात. भिंतीपासून वेगळे केलेले उपकरण या धोक्यापासून बऱ्याच प्रमाणात सुरक्षित राहते. मात्र केवळ बटण बंद असण्यापेक्षा प्लग काढलेला असणे अधिक सुरक्षित असते.

उष्णता : यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. संगणकाने वापरलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत दोन दिवस चालू राहिलेला संगणक स्वतःच्याच उष्णतेने तापतो व त्याच्या सुट्या भागांचे आयुष्य घटते.

पूरकाळ : पावसाळ्यात तहसील स्तरावर आपत्ती व्यवस्थापनाचा नियंत्रण कक्ष रात्रंदिवस कार्यरत असतो. पैनगंगेवरील इसापूर धरणातून पाणी सोडले जाते तेव्हा नदीकाठच्या गावांना वेळेत सूचना मिळणे महत्त्वाचे असते. नियंत्रण कक्षातील संगणक व संपर्क यंत्रणा या काळात आपोआप बंद होण्याच्या व्यवस्थेतून वगळावी लागते.

रात्रीचे काम : मार्चअखेर, निवडणुका किंवा ऑनलाइन माहिती भरण्याची मुदत जवळ आल्यावर कर्मचारी अनेकदा उशिरापर्यंत काम करतात, कारण दिवसा सर्व्हरवर ताण असतो. सक्तीने बंद होणारा संगणक अशा वेळी अडथळा ठरतो आणि मग संपूर्ण व्यवस्थाच रद्द केली जाते. म्हणून वेळ पुढे ढकलण्याची मुभा असणे हा व्यवस्थेचा आवश्यक भाग आहे.

## माहितीची सुरक्षितता

वीजबचत आणि सुरक्षितता हे दोन हेतू या विषयात बहुधा एकत्र साधतात. बंद असलेल्या संगणकात जाळ्यावरून शिरकाव करता येत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणकाला जोडलेले आणि प्रणाली उघडी असल्यास कार्यालय बंद असताना तिचा गैरवापर होण्याचा धोका असतो. सातबारा उतारा व दाखले डिजिटल स्वाक्षरीने दिले जात असल्याने महसुली कार्यालयांत हा मुद्दा गंभीर आहे. संगणक स्लीपमध्ये ठेवताना जागे झाल्यावर पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था करणे आणि टोकन काढून कुलपात ठेवणे आवश्यक असते.

## प्रचलित गैरसमज

* संगणक सुरू करताना लागणारी वीज चालू ठेवण्यापेक्षा अधिक असते : सुरू होताना क्षणभर अधिक प्रवाह लागतो, परंतु त्याचा कालावधी अत्यल्प असतो. काही मिनिटे बंद राहिलेला संगणकही ती वीज भरून काढतो.
* रोज बंद केल्याने हार्ड डिस्क लवकर बिघडते : डेस्कटॉपच्या हार्ड डिस्क साधारणपणे हजारो वेळा सुरू-बंद होणे सहन करतील अशा बनवलेल्या असतात. वर्षात २६४ वेळा सुरू केल्याने ही मर्यादा संगणकाच्या नेहमीच्या आयुष्यात गाठली जात नाही. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये तर फिरणारे भागच नसतात.
* स्क्रीन सेव्हरमुळे वीज वाचते : जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एकाच चित्राचा कायमचा ठसा उमटू नये म्हणून स्क्रीन सेव्हर तयार झाले. ते चालू असताना पडदा व संगणक दोन्ही वीज घेत राहतात.
* भिंतीवरील बटण बंद केल्याने संगणकाची तारीख बिघडते : संगणकाचे घड्याळ मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराच्या लहान बॅटरीवर चालते. ती काही वर्षे टिकते. तारीख चुकू लागल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत व डिजिटल स्वाक्षरीत अडथळा येतो. म्हणून काही ठिकाणी बटण बंद करणे टाळले जाते. अल्प किमतीची ही बॅटरी बदलणे हा त्यावरील योग्य उपाय आहे.

## मर्यादा

एका संगणकामागे होणारी बचत लहान असते. लॅपटॉप आणि नवे लहान डेस्कटॉप काम नसताना १० ते १५ वॅट इतकीच वीज घेत असल्याने जुनी यंत्रे बदलली जात आहेत तसतशी ती आणखी घटत आहे. कार्यालयाच्या एकूण वीजबिलात वातानुकूलन, पंखे व दिवे यांचा वाटा अनेकदा संगणकांपेक्षा मोठा असतो. तरीही बंद काळातील वापर हा सर्वस्वी अनुपयोगी वापर असल्याने तो कमी करताना कोणत्याही सेवेत कपात करावी लागत नाही. बचत झाली की नाही हे कार्यालयाच्या मीटरवरच कळते. शुक्रवार व सोमवारच्या वाचनांची नियमित नोंद ठेवल्यास बंद काळातील वापर पुन्हा वाढू लागला तर तेही लगेच लक्षात येते.

## हे सुद्धा पहा

* ऊर्जा संवर्धन
* ऊर्जा दक्षता ब्यूरो
* महाऊर्जा
* महावितरण
* उमरखेड